एक किल्ली, पाच दारे

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)





मी इतिहास आणि मराठी शिकवणारा शिक्षक आहे. माझी पदवी बी.ए., बी.एड.; संगणकशास्त्राशी तिचा काही संबंध नाही. तरीही गेल्या वर्षी संस्थेच्या सर्व संगणकीय सेवांना मिळून एकच लॉगिन करण्याचे काम ज्या समितीकडे सोपवले, तिचा चिटणीस म्हणून माझी निवड झाली. या पद्धतीला सिंगल साइन-ऑन म्हणतात. हे काम करताना आम्ही काय शिकलो, कोठे चुकलो आणि यात पालकांचा वाटा कोणता, हे आपणांस सांगावे एवढाच आजचा उद्देश आहे.

सुरुवात एका वहीपासून करतो. अकरावीतील एक मुलगी ती वही घेऊन माझ्याकडे आली. वहीच्या शेवटच्या पानावर तिने सात पासवर्ड लिहिले होते. पाच संस्थेच्या निरनिराळ्या सेवांचे, एक ई-मेलचा आणि एक शिष्यवृत्तीच्या अर्जाचा. शिष्यवृत्तीचे नूतनीकरण करायचे होते, पण लिहिलेला पासवर्ड चालेना. नवा घ्यावा तर ओटीपी अब्बांच्या जुन्या मोबाइलवर जात होता. अब्बा कुवेतला गेले तेव्हा तो नंबर बंद झाला. ई-मेल म्हणावा तर तो अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्याच सोयीने उघडलेला, आणि ते दुकान आता तेथे नाही. आम्ही दोन दिवस खटपट केली. तोवर मुदत टळली. गुण होते, पात्रता होती, कागदपत्रे होती. फक्त किल्ली तिच्या हातात नव्हती. त्या वर्षीची शिष्यवृत्ती तिला मिळाली नाही.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. संस्थेचे लॉगिन वेगळे आणि सरकारचे वेगळे. आपल्या लॉगिनने सरकारी अर्ज उघडणार नाही. परंतु आपल्या पाच दारांच्या पाच किल्ल्या होत्या, तो गोंधळ आपणच घातलेला होता. तो निस्तरणे आपल्या हाती होते. आणि एक किल्ली नीट सांभाळण्याची सवय मुलांना शाळेतच लागली, तर ती पुढे सरकारी दारापाशीही उपयोगी पडेल, असा विचार करून आम्ही कामाला लागलो.

परवलीचा शब्द

पासवर्डला मराठीत जुना आणि नेमका शब्द आहे : परवलीचा शब्द. रात्री किल्ल्याच्या दरवाजावर पहारेकरी तो विचारी आणि सांगता आला तरच आत घेई. संगणकावर ही पद्धत अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत १९६१ च्या सुमारास आली. एकच मोठा संगणक अनेकजण वापरत, म्हणून फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रत्येकाला वेगळा पासवर्ड दिला. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, ॲलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याने सगळ्यांच्या पासवर्डची यादीच छापून मिळवली. कारण काय, तर त्याला वाटून दिलेला संगणकाचा वेळ पुरत नव्हता! म्हणजे पासवर्ड जेवढा जुना, तेवढीच त्याची चोरीही जुनी.

पुढे एकाच्या जागी अनेक संगणक आले आणि प्रत्येक दारावर वेगळा पहारेकरी उभा राहिला. १९८३ मध्ये त्याच एम.आय.टी.मध्ये अथेना नावाचा प्रकल्प सुरू झाला आणि त्यातून कर्बेरॉस ही पद्धत जन्मली. ग्रीक पुराणातील तीन तोंडांच्या राखणदार कुत्र्याचे हे नाव आहे. तिचे तत्त्व असे की, ओळख एकाच ठिकाणी पटवावी आणि इतर दारांसाठी तेथून तिकिटे घ्यावी. वेबसाठी याच विचाराने २००५ मध्ये सॅम्ल २.० आणि २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्ट हे नियम ठरले. आपल्या देशात विद्यापीठांच्या ग्रंथालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची इन्फेड ही अशीच व्यवस्था आहे. सरकारी सेवांसाठी २०२२ मध्ये मेरी पहचान सुरू झाली, तीत डिजिलॉकर, जन परिचय आणि ई-प्रमाण यांपैकी एका खात्याने अनेक सेवा उघडता येतात. तेव्हा आपण काही जगावेगळे केले नाही. मोठ्यांनी केलेले लहान प्रमाणात केले.

बोनाफाईडचा दाखला

हे चालते कसे? विद्यार्थी मित्रहो, आपल्यापैकी कित्येकांनी एस.टी.चा पास काढला आहे. आगारातला कारकून तुमची हजेरी घेतो का? तुमचा धडा म्हणून घेतो का? नाही. तो शाळेचा बोनाफाईड दाखला पाहतो. विद्यार्थी कोण हे शाळेने ओळखायचे, आणि शाळेचा शिक्का एस.टी.ने ओळखायचा. सिंगल साइन-ऑनचे सगळे मर्म एवढ्यात आले.

त्या दाखल्यावर चार गोष्टी असतात. दाखला कोणी दिला, कोणाविषयी दिला, कोणत्या कामासाठी दिला आणि त्याची मुदत किती. ‘केवळ एस.टी. पासासाठी’ असे लिहिलेला दाखला बँकेत चालत नाही. ओपनआयडी कनेक्टच्या नियमाप्रमाणे निघणाऱ्या संगणकीय दाखल्यात, ज्याला टोकन म्हणतात, हे चारही रकाने सक्तीचे असतात. त्यावर शाईच्या शिक्क्याऐवजी गणिती सही असते. ती करण्याची गुप्त किल्ली फक्त दाखला देणाऱ्याकडे असते. पण सही खरी की खोटी हे कोणतीही सेवा ताडून पाहू शकते. दाखल्यात एक अक्षर बदलले तरी सही जुळत नाही.

आता प्रत्यक्ष व्यवहार पाहा. समजा, तुम्ही ग्रंथालयाचे पान उघडले. ग्रंथालय म्हणते, ‘मी पासवर्ड विचारत नाही, कार्यालयात जा.’ आणि ते तुम्हाला लॉगिनच्या एकमेव पानाकडे पाठवते. तेथे ओळख पटली की कार्यालय तुमच्या हाती लगेच दाखला देत नाही, एक चिठ्ठी देते. ती चिठ्ठी तुमच्या ब्राउझरमधून ग्रंथालयाकडे जाते. मग ग्रंथालय ती चिठ्ठी आणि स्वतःची गुप्त खूण दाखवून कार्यालयाकडून परस्पर दाखला घेते. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी? तर ब्राउझरची वाट उघडी असते. मागे उभा असलेला माणूसही ती पाहू शकतो. म्हणून त्या वाटेने जाणारी चिठ्ठी एकदाच चालते आणि लवकर बाद होते. तिची मुदत १० मिनिटांहून अधिक नसावी अशी नियमात शिफारस आहे.

त्यानंतर तुम्ही फीचे पान उघडले, तर तेही तुम्हाला कार्यालयाकडे पाठवते. कार्यालय म्हणते, ‘याला मी आत्ताच पाहिले आहे,’ आणि न विचारता नवी चिठ्ठी देते. तुम्हाला वाटते दार आपोआप उघडले. आणखी एक लाभ असा की, तुमचा पासवर्ड ग्रंथालयाला, फीच्या सेवेला किंवा वसतिगृहाच्या सेवेला कधीच कळत नाही. त्यातील एखादी सेवा फुटली तरी किल्ली फुटत नाही.

काम कसे झाले

संस्थेचा एक माजी विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअर अभियंता आहे. त्याने सुट्टीचे दिवस खर्चून मार्गदर्शन केले. ‘कार्यालया’साठी आम्ही कीक्लोक हे सॉफ्टवेअर घेतले. ते २०१४ पासून उपलब्ध आहे आणि त्याला परवाना शुल्क नाही. अभ्यासासाठी आपण मूडल वापरतो, तेही मुक्त सॉफ्टवेअर आहे. मात्र शुल्क नाही म्हणजे खर्च नाही असे समजू नये. सर्व्हरचे भाडे आहे, रोजची सुरक्षित प्रत काढणे आहे, नव्या आवृत्त्या बसवणे आहे. विहीर फुकट मिळाली तरी पाणी ओढावेच लागते.

पहिला प्रश्न आला तो नावांचा. हा प्रश्न आपल्या समाजाला विशेष जाचतो. एकाच मुलाचे नाव शाळेच्या रजिस्टरात मोहम्मद, आधारवर मोहम्मदच्या जागी मोहद., आणि गुणपत्रिकेवर मुहम्मद. आडनाव एका कागदावर शेख, दुसऱ्यावर गावाचे. एका वर्गात शेख आयेशा नावाच्या दोन मुली. तेव्हा नावावरून ओळख जुळवणे अशक्यच होते.

मग आम्ही जुनी खाती ई-मेलवरून जुळवायचे ठरवले, आणि येथेच मोठी चूक झाली. दोन सख्ख्या भावांच्या अर्जांवर एकच ई-मेल होता. धाकट्याने लॉगिन केले आणि निकालाच्या पानावर त्याला थोरल्याचे गुण दिसले. भावाचे होते म्हणून घरात हसण्यावारी गेले. पण तपासणी केली तेव्हा एकाच दुकानाचा ई-मेल परक्या मुलांच्या अर्जांवरही आढळला. आम्ही काम तेथेच थांबवले. नंतर प्रत्येकाला कधीही न बदलणारा क्रमांक दिला : आधी शाळेची खूण, मग जनरल रजिस्टर नंबर. शाळेची खूण यासाठी की, तोच रजिस्टर नंबर संस्थेच्या दुसऱ्या शाळेतही असू शकतो. नाव दुरुस्त होईल, ई-मेल बदलेल, लग्नानंतर मुलीचे आडनाव बदलेल. पण हा क्रमांक तोच राहील. आणि विद्यार्थी शाळा सोडून गेला तरी तो दुसऱ्या कोणाला दिला जाणार नाही.

दुसरी चूक माझी स्वतःची. ग्रंथालयाच्या सेवेची जी गुप्त खूण म्हटली, ती मी ‘सर्वांकडे असावी’ म्हणून शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली. आमच्या माजी विद्यार्थ्याला ते समजले तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, ‘सर, तुम्ही शाळेचा शिक्का बाजारात ठेवून आलात.’ त्याच रात्री ती खूण रद्द करून नवी केली. संदेश पुसून भागत नाही. खूणच बदलावी लागते.

तिसरी अडचण गमतीची वाटेल. एके सकाळी ग्रंथालय कोणालाच आत घेईना. पासवर्ड बरोबर, सही बरोबर, तरी दाखला नामंजूर. शेवटी कळले की ग्रंथालयाच्या सर्व्हरचे घड्याळ ८ मिनिटे मागे होते. दहा वाजून दहा मिनिटांनी दिलेला दाखला, दहा वाजून दोन मिनिटे झाली आहेत असे मानणारा कारकून कसा स्वीकारील? सर्व घड्याळे इंटरनेटवरील प्रमाणवेळेशी जोडली आणि दार उघडले.

आणखी एक पथ्य सांगतो. चिठ्ठी कोणत्या पत्त्यावर परत पाठवायची तो पत्ता प्रत्येक सेवेसाठी आधी नोंदवावा लागतो. तेथे ‘कोणताही पत्ता चालेल’ अशी सूट देता येते आणि काम झटपट होते. आम्हाला तो मोह झाला होता. पण अशी सूट म्हणजे चिठ्ठी वाटेतल्या कोणाच्याही हाती देण्यासारखे आहे. म्हणून पाचही पत्ते अक्षरशः पूर्ण लिहिले.

आम्ही सर्वांना एकदम या पद्धतीवर आणले नाही. आधी शिक्षक व कारकून, मग नववीची एक तुकडी, आणि दोन महिन्यांनंतर सर्व शाळा. सगळे सुरळीत झाल्यावर जुनी पाच लॉगिन बंद केली. पुढचे दार नवे केले आणि मागचे उघडेच ठेवले, तर त्या खर्चाचा काय उपयोग?

एका किल्लीचा धोका

आता दुसरी बाजू. पाच दारांना एक किल्ली म्हणजे ती हरवली की पाचही दारे गेली. कार्यालय बंद पडले तर सगळेच बाहेर. म्हणून शिक्षक व कारकुनांना पासवर्डाखेरीज दुसरा पुरावा सक्तीचा केला आहे : दर ३० सेकंदांनी बदलणारा सहा आकडी संकेत. तो मोबाइलमधल्या ॲपवर तयार होतो. त्याला सिमकार्ड लागत नाही की नेटवर्क लागत नाही. आखातात गेलेल्या माणसाचा जुना नंबर बंद पडला तरी तो चालतो. अडीअडचणीसाठी एक राखीव खाते आहे. त्याचा पासवर्ड मोहोरबंद पाकिटात मुख्याध्यापकांच्या तिजोरीत ठेवला आहे. ते पाकीट उघडले तर तारीख-वेळेसह नोंद करावी लागते.

विद्यार्थ्यांनो, एक गोष्ट तुम्ही लक्षात ठेवा. संगणक कक्षात एका मुलाने ग्रंथालयातून लॉगआऊट केले आणि तो निघून गेला. त्याच्या जागी बसलेल्या मुलाने फीचे पान उघडले, तर पहिल्याचेच खाते पुढे आले. कारण ग्रंथालयाचे दार बंद झाले, तरी कार्यालय ‘याला मी आत्ताच पाहिले आहे’ असेच म्हणत होते. आता आम्ही पाचही सेवांतील लॉगआऊट कार्यालयापर्यंत पोहोचवले आहे आणि थोडा वेळ काही हालचाल नसली तर ओळख आपोआप संपते. तरीही सार्वजनिक संगणकावरून उठताना लॉगआऊट करून पुन्हा एकदा पान उघडून पाहा. दाराला कुलूप लावल्यावर आपण ते एकदा ओढून पाहतो ना, तसे.

अमानत

पालक बंधुभगिनींनो, आता मुख्य गोष्टीकडे येतो. आपल्या मुलांची माहिती संस्थेकडे अमानत आहे. पैगंबरसाहेबांना (स.) मक्केतील लोक अल-अमीन म्हणत. त्यांना विरोध करणारेसुद्धा आपल्या ठेवी त्यांच्याकडे ठेवत. आणि हिजरतीच्या वेळी त्या ठेवी ज्याच्या त्याला परत करण्यासाठी त्यांनी हजरत अलींना मक्केत मागे ठेवले. ठेव सांभाळणे म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा कोणता? म्हणून आमच्या दाखल्यात फक्त नाव, वर्ग आणि क्रमांक असतो. आधार क्रमांक, उत्पन्न, जात, धर्म यांतले काहीही त्यात नाही. ग्रंथालयाला पुस्तक देण्यासाठी बापाचे उत्पन्न कशाला हवे? शाळा सोडणाऱ्याचे खाते दाखला देताच बंद होते. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षणाचा केंद्रीय कायदा १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती असावी असे सांगतो. संमतीचा जो अर्ज आपणांकडे येतो, तो वाचून सही करा. न वाचता केलेली सही ही संमती नव्हे.

जशी संस्थेकडे तुमची अमानत आहे, तशीच तुमच्याकडे मुलांची आहे. लॉगिन सुरू करताना आम्ही विद्यार्थ्यांना विचारले, पासवर्ड विसरल्यास संदेश कोणाच्या मोबाइलवर पाठवू? मुलांनी स्वतःचा किंवा अब्बांचा नंबर दिला. अनेक मुलींनी भावाचा दिला. काहींचा भाऊ त्यांच्याहून लहान होता! मुलीच्या हाती मोबाइल द्यावा की न द्यावा हा घरचा प्रश्न आहे, त्यात मी पडत नाही. पण ज्या दाराची किल्ली भावाच्या खिशात आहे, ते दार बहिणीचे कसे म्हणावे? तो परगावी गेला, रुसला, नंबर बदलला, की तिचा अभ्यास, तिचा निकाल, तिचा अर्ज सगळे अडते. म्हणून आम्ही मोबाइलशिवायची वाट ठेवली आहे. प्रत्येक विद्यार्थिनीला एकेकदाच चालणाऱ्या संकेतांचा छापील कागद मिळतो. तो अम्मीच्या कपाटात, महत्त्वाच्या कागदांसोबत ठेवावा. तोही हरवला तर मुलीने स्वतः ओळखपत्र घेऊन कार्यालयात यावे. बाई तिच्यासमोर नवा पासवर्ड करून देतील. तिच्या वतीने दुसऱ्या कोणी आलेले चालणार नाही, मग तो वडील भाऊ का असेना. या नियमावरून काही पालक आमच्यावर नाराज झाले. तो नियम आम्ही बदललेला नाही.

घरी गेल्यावर तीन कामे करा. मुलांच्या शिष्यवृत्तीच्या आणि डिजिलॉकरच्या खात्यांना कोणता मोबाइल व ई-मेल जोडला आहे ते आजच पाहा; बंद नंबर असेल तर मुदतीची वाट न पाहता बदला. अर्ज दुकानात भरला तरी ई-मेल मुलाच्या नावाचा उघडा आणि त्याचा पासवर्ड दुकानदाराकडे ठेवू नका. आणि परदेशी जाणाऱ्याने निघण्यापूर्वी पासपोर्ट-व्हिसाच्या यादीत आणखी एक ओळ लिहावी : ‘माझ्या नंबरावर कोणाकोणाची खाती आहेत?’

ती अकरावीची मुलगी आज बारावीत आहे. यंदा तिने नवा नंबर जोडून अर्ज स्वतः भरला, मुदतीच्या बारा दिवस आधी. तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर आता पासवर्ड नाहीत. तेथे ती भूमितीची कच्ची आकडेमोड करते.

आपल्या संस्थेच्या संस्थापकांनी शाळेचे दार उघडून दिले. त्या दाराची किल्ली ज्याची त्याच्या हाती देणे, हे आपल्या पिढीचे काम आहे.